सुट्टीवरचं डोकं

पुण्यात खडकी, दिघी, घोरपडी या भागांत लष्करी हद्दीची जी फाटकं आहेत, त्यांच्या थोडं अलीकडे रोज सकाळी एक छोटा समारंभ चालतो. दुचाकीवाले गाडी कडेला घेतात. आरशाला लटकलेलं, टाकीवर बसवलेलं किंवा कोपरात अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढतं. हनुवटीखालचा पट्टा टक् करून लागतो. चेहऱ्यावर एक जबाबदार नागरिक उमटतो आणि गाडी पहारेकऱ्यासमोरून शिस्तीत आत जाते. संध्याकाळी हाच समारंभ उलट्या क्रमानं.

गंमत अशी की, फाटकाच्या आत हेल्मेटची गरज सगळ्यात कमी. आतले रस्ते झाडलेले, हलू न शकणाऱ्या प्रत्येक वस्तूला चुना आणि गेरू लावलेला, वेगमर्यादा तर अशी की गाडीला स्वतःचीच लाज वाटावी. आतली कुत्रीसुद्धा डाव्या बाजूनं चालतात. बाहेर पडलं की मग सिटी बस, पाण्याचा टँकर, कालपर्यंत नसलेला गतिरोधक आणि उलट्या दिशेनं येऊन वर आपल्याकडेच रागानं बघणारा गृहस्थ. तिथं हेल्मेट पुन्हा कोपरात. आमच्या शहरातली कोपरं अतिशय सुरक्षित आहेत.

पुणेकरांना संरक्षक पोशाखाचं वावडं आहे असं मात्र कुणी म्हणू नये. भर एप्रिलात स्कूटरवरून जाणारी मुलगी बघा. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल, दंडापर्यंत हातमोजे, वर पांढरा सनकोट. सख्ख्या भावालाही ओळखू येणार नाही. ही सगळी मोर्चेबांधणी उन्हाविरुद्ध असते. ऊन रोज लागतं आणि अपघात नेहमी दुसऱ्याला होतो, त्यामुळे ते बरोबरच आहे. हेल्मेट घालायला सांगणारा केंद्राचा मोटार वाहन कायदा 1988 चा, पण 1 जानेवारी 2019 पासून पोलिसांनी तो खरोखरच पाळायला लावला तेव्हा शहरात मोर्चा निघाला. मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, अशी कारणं होती. पहिली दोन मी सोडून देतो. पुण्यातला हॉर्न मात्र हेल्मेटमधूनच काय, विटांच्या भिंतीतूनही ऐकू येतो.

तेव्हा मरणाच्या भीतीनं माणूस हेल्मेट घालतो, हे काही खरं नाही. तो पहारेकऱ्याच्या भीतीनं घालतो. आणि मजा म्हणजे लष्करानंही ते असंच, हुकूम निघाल्यावर घातलं.

ती गोष्ट इंग्लंडातली. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगाला माहीत असलेला टी. ई. लॉरेन्स पहिल्या महायुद्धात तुर्कांचे रेल्वेमार्ग उडवत वाळवंटभर हिंडला आणि धडधाकट परत आला. पुढे कीर्तीला कंटाळून नाव बदलून तो ब्रिटिश हवाई दलात साधा शिपाई झाला. त्यातला काही काळ त्यानं आपल्याकडे, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात, कराचीत आणि मिरानशाहला काढला. त्याचं खरं प्रेम ब्रफ सुपीरिअर या महागड्या मोटारसायकलींवर. एकामागून एक सात घेतल्या, आठवीची मागणी नोंदवून ठेवलेली. 13 मे 1935 रोजी तो जवळच्या बोव्हिंग्टन छावणीच्या पोस्टातून काम उरकून घरी निघाला. नेहमीचा रस्ता. रस्त्याला मध्ये एक खोलगट उतार, त्यामुळे पुढचं दिसत नव्हतं. तिथं सायकलवरची दोन पोरं एकदम समोर आली, त्यांना चुकवताना तो उडाला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेला. अख्ख्या तुर्की सैन्याला जे जमलं नाही, ते घराजवळच्या उतारानं केलं.

उपचारासाठी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचा मूळचा ऑस्ट्रेलियन मेंदूशल्यविशारद होता. ही केस त्याच्या डोक्यातून गेली नाही. दुसरं महायुद्ध लागलं, विमानांना दिसू नये म्हणून इंग्लंडभर दिवे विझले, आणि त्या काळोखात निरोप पोहोचवणारे लष्करी मोटारसायकलस्वार, ज्यांना आपल्या फौजेत अजून डीआर म्हणतात, धडाधड झाडांवर, भिंतींवर, एकमेकांवर आदळू लागले. केर्न्सनं 1941 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हिशेब मांडला. युद्धाआधीच्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमधल्या रस्त्यांवर 1884 मोटारसायकलवाले मेले होते, युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत 2279. हेल्मेट घातलेले जखमी त्याला किती सापडले? फक्त सात. सातच्या सात जगले. सात हा आकडा शास्त्रज्ञाला चारचौघांत सांगायला लाज वाटावी असा आहे. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश लष्करानं हुकूम काढला की, कामगिरीवरच्या प्रत्येक मोटारसायकलस्वारानं हेल्मेट घालायचं. वाद नाही, मोर्चा नाही, मान दुखण्याची चर्चा नाही. नागरिकांसाठी तोच नियम ब्रिटनमध्ये व्हायला 1973 उजाडलं. म्हणजे शिपायाचं डोकं आणि कारकुनाचं डोकं यांत बत्तीस वर्षांचं अंतर पडलं.

आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या गावी एक आबा आहेत. सिग्नल्समधून सुभेदार म्हणून रिटायर झाले. साताऱ्याच्या या पट्ट्यात फौजी असणं हे काही विशेष नाही, अपशिंगे गावाच्या नावापुढे तर 'मिलिटरी' हे आडनावासारखं लागलेलं आहे. आबा उमेदीत डीआर होते. गाडी अर्थातच बुलेट. 1950 नंतर सरहद्दीवर गस्तीसाठी लष्करानं ती पसंत केली, 1955 साली मद्रासला तिची कंपनी निघाली, आणि फौजेची गाडी म्हणून तिचा जो दरारा बसला तो अजून उतरलेला नाही. त्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असे आणि ब्रेक डाव्या. आबांचे पाय त्याच शाळेत शिकलेले. रिटायर झाल्यावर पुतण्याची नवी गाडी चालवायला घेतली, गिअर टाकायला म्हणून उजवा पाय दाबला आणि मारुतीच्या देवळासमोर गाडी जागच्या जागी थांबली. मागं दुधाच्या किटल्या घेऊन बसलेली काकू आबांच्या पाठीवर. तेव्हापासून त्यांनी कुठूनशी एक जुनी बुलेटच मिळवली आहे.

आबा डेअरीवर दूध घालायला जातात तेव्हाही पूर्ण तयारीत असतात. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. बुटाच्या नाड्या आत खोचलेल्या, कारण लोंबती नाडी पायाखालच्या दांडीत अडकली की पाय टेकायच्या वेळी टेकत नाही. डेअरी आहे दीड किलोमीटरवर. पारावरची पोरं रोज विचारतात, "आबा, बॉर्डरवर निघालासा जणू?"

"बॉर्डरवर एवढं लागत न्हाई बाबा," आबांचं उत्तर ठरलेलं. "तिथं दुश्मन कुठल्या अंगाला हाय ते ठावं असतंय. हितं म्हस कुठनं यील सांगता येत न्हाई."

त्यांनी लडाखातही गाडी मारली आहे. तिथला धोका मोठा, पण वेळापत्रकानुसार चालणारा, असं त्यांचं मत. रस्ता कापत जाणारे बर्फाचे नाले सकाळी गुडघ्याखाली असतात. ऊन चढलं, वर बर्फ वितळलं की दुपारनंतर तेच नाले गाडी वाहून नेतील इतके फुगतात. म्हणून पहाटे निघायचं. वळणावर डोंगराची सावली असेल तर तिथं डांबरावर पारदर्शक बर्फ असणार, म्हणून ब्रेकला हात लावायचा नाही. शिवाय सीमा सडक संघटनेच्या पाट्या जागोजाग, यमकं जुळवून, थोडी चावट थट्टा करत हळू जायला सांगणाऱ्या. "तिथला नाला पण टायमात येतो," आबा म्हणतात, "आपल्या कारखान्याचा ट्रॅक्टर येतो का?"

ट्रॅक्टर हा आबांचा खास विषय. दसरा-दिवाळी झाली की गाळप हंगाम सुरू होतो आणि आमच्याकडच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या निघतात. एका ट्रॅक्टरमागे दोन. पुढे डीजे लावल्यासारखी गाणी, मागे मात्र एकही लाल दिवा नाही. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला, त्याचं टोक बरोबर मोटारसायकलवाल्याच्या गळ्याच्या उंचीवर. शेतातून चाकांबरोबर आलेला चिखल रस्त्यावर, त्यावर दव पडलं की साबण. अवकाळी पावसाच्या पहिल्या सरीत डांबरावरचं तेल वर येतं, तेव्हा तर वीस वर्षं गाडी चालवणारेही आडवे होतात. या सगळ्यात आपल्या डोक्याच्या बाजूनं असतं ते हेल्मेटाच्या आतलं बोटभर थर्माकोल. कडक कवचाचं कौतुक फार होतं, खरं काम हे थर्माकोल करतं. ते दबतं आणि धक्का स्वतः खातं. एकदा दबलं की संपलं, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून नवंकोरं दिसलं तरी बाद. हे आबा मला सांगतात तेव्हा त्यांचा सूर शहीद जवानाबद्दल बोलल्यासारखा होतो.

एवढ्या शिस्तीत वाढलेला फौजी सुट्टीवर आला की काय होतं, हे बघायचं असेल तर आबांचा पुतण्या बघावा. नाईक आहे. छावणीत हेल्मेटशिवाय त्याची गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नसते. गावच्या स्टँडवर उतरला की काळी ट्रंक घरात आणि शिस्त ट्रंकेत. कँटीनमधून सवलतीत घेतलेली गाडी, पायात चप्पल, मागे दोन मित्र, आणि जत्रेला. हेल्मेट कुठंय विचारलं तर म्हणतो, "आबा, गावातच तर चाललोय."

गावातच. लॉरेन्सही घरीच चालला होता. अमेरिकेच्या मरीन कोअरला 2008 साली हाच धडा आकड्यांत मिळाला. नोव्हेंबर 2007 पासून वर्षभरात त्यांचे पंचवीस मरीन मोटारसायकल अपघातांत गेले आणि त्याच काळात इराकमध्ये शत्रूच्या हातून वीस. लढाईहून सुखरूप परतलेली पोरं घरच्या गुळगुळीत रस्त्यांवर गेली. तिथं नियम फार बारकाईचे आहेत. हेल्मेट, डोळ्यांना संरक्षण, पूर्ण बोटांचे हातमोजे, लांब बाह्या, घोट्यावरचे बूट, आणि शिपाई कामावर असो की रजेवर, छावणीत असो की बाहेर, नियम लागूच. अंधारात चमकणारा पट्टाही तिथल्या सैन्यात इतका सक्तीचा झाला की, हा पट्टा घातला तर गोळीसुद्धा लागत नाही, अशी शिपायांचीच थट्टा सुरू झाली. मला हा रजेवरही लागू असलेला नियम फार आवडतो. डोक्याला रजा मंजूर नाही, एवढंच तो सांगतो.

आपल्या फौजेनं तर मोटारसायकलचा खेळ करून दाखवला आहे. 19 नोव्हेंबर 2017 रोजी बंगळूरुजवळच्या येलहंका हवाई तळावर आर्मी सर्व्हिस कोअरच्या 'टॉर्नेडोज' पथकातले अठ्ठावन्न जवान एकाच बुलेटवर चढले आणि बाराशे मीटर गेले. विश्वविक्रम. पुतण्या हा किस्सा ट्रिपल सीटच्या समर्थनार्थ सांगतो. त्यावर आबांचं म्हणणं असं की, त्या धावपट्टीवर खड्डा नव्हता, म्हैस नव्हती आणि समोरून ट्रॉली येणार नव्हती. शिवाय ते अठ्ठावन्न जण कित्येक महिने सराव करून बसले होते. "तुमी तिघं शाळेत असल्यापास्नं बसायला लागलाय, अजून एक बी नीट बसत न्हाई."

गेल्या सुट्टीत आबांनी उपाय केला. घराच्या दारात खाट टाकली आणि पुतण्याला आउट पासशिवाय सोडायचं बंद केलं. रिटायर झाला तरी सुभेदार हा नाईकाच्या वरच, हे पोराला नाकारता येईना. वहीच्या कागदावर वेळ, कारण, हेल्मेट असल्याची नोंद आणि आबांची सही. आबांच्या भावजय पहिल्यांदा हसल्या, मग स्वतःच्या धाकट्या मुलालाही पास मागू लागल्या. आता त्या आळीतली तीन-चार घरं या फाटकाच्या हद्दीत आली आहेत.

पुतण्या परत गेल्यावर आबांनी मोर्चा ट्रॉल्यांकडे वळवला आहे. बुलेटच्या पेटीत लाल-पांढऱ्या रेडियमची गुंडाळी, कात्री आणि पुसायला फडकं. चहाच्या टपरीवर उसाचा ट्रॅक्टर थांबला की हे मागं जाऊन पत्रा पुसतात आणि पट्ट्या चिकटवतात. पैसे घेत नाहीत. परवा एक ड्रायव्हर चहाचा कप हातात घेऊनच धावत आला.

"आबा, काढा, काढा ती!"

"का रं? लांबनं दिसाय नको तू?"

"तेच की! आरटीओला बी लांबनंच दिसतोय मी!"

आबांनी दुसरी पट्टी फाडली आणि त्याला कप ठेवून ट्रॉलीचं टोक धरायला लावलं.