दोन्ही हात गुंतलेले

महाराष्ट्राच्या शेकडो किलोमीटर किनाऱ्यापैकी बीड जिल्ह्याच्या वाट्याला एक इंचही आलेला नाही. खारं पाणी आमच्याकडे फक्त बोअरला लागतं आणि त्यात मासे नसतात. तरीही मी स्वतःला समुद्रातला फ्लाय फिशर समजतो. बहामातला बोनफिश, अंदमानातला जायंट ट्रेव्हॅली यांच्याबद्दल चारचौघांत असा बोलतो की, ऐकणाऱ्याला वाटावं यांची सोयरिक आहे. जातो मात्र माजलगावच्या धरणावर. सिंदफणेच्या पाण्याला लाटा येतात त्या वारा सुटला तरच.

आमच्या ऑफिसात मार्च बारा महिने असतो. रविवारी सकाळी ग्रुपवर ‘अर्जंट’ पडतं आणि त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग लागते. मी तेव्हा धरणावर फ्लाय टाकत असतो.

आता ही फ्लाय म्हणजे काय ते सांगतो. नको म्हणालात तरी सांगणार. गळाला पिसं नि दोरा बांधून कोळंबीचं किंवा बारक्या माशाचं सोंग आणायचं. त्या सोंगाला वजन नसतं. साध्या गळाचं शिसं दोरी ओढत नेतं. इथं दोरीच जाड आणि जड, ती हवेत मागंपुढं झुलवून पिसाला पाण्यावर पोचवायचं. दोरी मागं पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढं फेकायची. तेवढा थांबा जमला की माणूस स्वतःवरच खूश होतो. पिसं मी चिकनच्या दुकानातून आणतो. ‘‘अहो, सोबत कोंबडीही आणली असती तर रस्सा तरी झाला असता,’’ इति सौ. आणि मागं फेकलेली दोरी हमखास अडकते ती वेड्या बाभळीत. काठावर तिचं रानच आहे. माझ्या गळाला आजवर सर्वांत जास्त लागली ती तीच.

या नादाचं खरं कारण वेगळंच आहे. साध्या गळाला एक हात पुरतो, दुसऱ्यानं फोन घेता येतो. इथं उजव्या हातात काठी आणि डाव्यानं सतत दोरी खेचायची. फोन खिशात थरथरतो, थकतो, गप्प होतो. ‘‘साहेब, दोन्ही हात गुंतले होते,’’ असं सोमवारी सांगताना त्यात एक अक्षर खोटं नसतं.

धरणात जाळी टाकणारे एक मामा आहेत, थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून हातानं पाणी सारत येतात. माझी कसरत बराच वेळ पाहून त्यांनी एकदा विचारलं, ‘‘साहेब, माशा हाकलायलात का?’’

पावसाळ्यात एकदा खरंच झटका बसला. काठी वाकली, मरळ होती. तेवढ्यात मामा ओरडले, ‘‘पिल्लंवाली हाय, सोडा!’’ पाहिलं तर पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका वळवळत होता. मरळ पिल्लांखाली पहारा देते आणि जवळ येईल त्यावर तुटून पडते. म्हणजे माझ्या पिसावर ती भुलली नव्हती, चिडली होती. सोडली. मामांनी त्या बाजूला जाळं टाकलं नाही.

त्या मरळीचा बाजारभाव त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. ‘‘धरण आटलं की आमचा कोयता,’’ ते एवढंच म्हणाले. केज तालुक्यातलं, धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या गाडीचे फोटो देशभर छापून आले. तळाशी ज्यांची जाळी कोरडी पडली, ते कोयता घेऊन ऊस तोडायला कोणत्या कारखान्यावर गेले ते कुठं छापून आलं नाही. पगार चालू ठेवून पाण्याकाठी बसायला मिळतं, हा माझा सगळा पराक्रम.

धरणातल्या माशांचा ठेका बहुधा तिथल्या मच्छीमार संस्थेकडे असतो, तेव्हा यायचं तर त्यांना विचारून या. मागं बाभूळ आहे का तेवढं बघा. आणि मी इथं असतो, हे आमच्या ऑफिसात कळू देऊ नका.