कमीही नाही, समानही नाही

तयार कॉम्प्युटर दुकानात मिळत असताना सुटे भाग आणून तो घरी का जोडायचा, हा प्रश्न आमच्या घरात फक्त मी विचारला. उत्तर एक्सेल शीटमध्ये आलं. लेक आर्किटेक्चरला आहे. तिच्या ड्रॉइंगना रेंडरिंग लागतं, रेंडरिंगला ग्राफिक कार्ड लागतं आणि ग्राफिक कार्डाला 750 वॅटचा एसएमपीएस लागतो. "आपला मिक्सर 500 वॅटचा आहे आणि त्यात पाच माणसांच्या इडलीचं पीठ होतं," असं मी म्हणून पाहिलं. शीटमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

मग आम्ही मायलेकी लॅमिंग्टन रोडला गेलो. त्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. ग्रँट रोड स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा. जिन्याखालच्या दुकानातल्या मालकाने लेकीच्या यादीवर नजर फिरवली आणि मला म्हणाला, "मॅडम, बच्ची को सब मालूम है, आप बैठो." मी बसले. कॅबिनेटचा खोका दादरला गाडी बदलून डोंबिवलीपर्यंत आणणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मालडब्यातल्या मावशींनी त्यावर मासळीची टोपली टेकवली, एवढंच इथे सांगते.

जोडणी निर्विघ्न पार पडली. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरले, दिवे लागले आणि स्क्रीन काळीच राहिली. "गेला," असं आमचे हे म्हणाले. पण डीडीआर5 रॅम पहिल्यांदा लावली की मदरबोर्ड आधी तिच्याशी सूर जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात आणि तोवर तो आपल्याला काहीही दाखवत नाही. लेकीने हे आधी वाचलं होतं. ती बटणापुढे हात आडवा धरून उभी राहिली, म्हणून यांनी ते परत दाबलं नाही.

खरा खेळ विंडोज टाकताना सुरू झाला. पेनड्राइव्ह लावला, भाषा निवडली, टक्केवारी वाढू लागली. अठरा टक्क्यांवर स्क्रीन निळी झाली आणि तिच्यावर रडका चेहरा आला. हा चेहरा 2012च्या विंडोज 8मध्ये पहिल्यांदा आला. चेहऱ्याखाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'मेमरी मॅनेजमेंट'. पुढच्या खेपेला 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. त्याच्या पुढच्या खेपेला 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'.

इथे अण्णा, म्हणजे माझे सासरे, पेपर बाजूला ठेवून उठले. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. "कमीही नाही, समानही नाही, म्हणजे जास्त," ते म्हणाले. "मग जास्त असं सरळ लिहायला काय होतं?" आम्ही हसलो. लेकीने मोबाइलवर शोधलं, तर अण्णांचं बरोबर निघालं. विंडोजच्या पोटात प्रत्येक कामाला एक पातळी असते. एखाद्या ड्रायव्हरने आपली पातळी जास्त असताना नको त्या मेमरीला हात घातला की ही ओळ येते. पातळी जास्त आहे, एवढंच त्यांना म्हणायचं असतं. अण्णांनी विजयी मुद्रेने पेपर उचलला. कॉम्प्युटर बंदच होता.

शेजारचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी आल्याआल्या कॅबिनेटला बोटाची मागची बाजू लावली आणि झटकन मागे घेतली. "अर्थिंग नाही!" तेही खरं. अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्याला मुंग्या येण्याइतका करंट येतो. वायरमनला बोलावून सॉकेट उघडलं, तर हिरवी वायर कुठेच न जोडता, नुसती गुंडाळून आत कोंबलेली. बिल्डरने दिलेली ही भेट आम्ही इतकी वर्षं वापरत होतो. ती दुरुस्त झाली, मुंग्या थांबल्या, आणि इन्स्टॉलेशन एकसष्ट टक्क्यांवर पडलं.

सासूबाईंचं म्हणणं, खोली पश्चिमेची, त्यात मे महिना, यंत्र तापलं असणार. यातही चूक नाही. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक न काढता तो तसाच प्रोसेसरवर बसवणारे लोक जगात भरपूर आहेत. लेकीने बायोसमधलं तापमान दाखवलं, तर प्रोसेसर आमच्यापेक्षा थंड नव्हता, पण पडण्याइतका तापलेलाही नव्हता. यांनी पेनड्राइव्हवर संशय घेतला, कारण तो कुठल्याशा परिषदेत फुकट मिळाला होता. रास्त संशय. नवा आणला, त्यावर विंडोज परत भरलं. बत्तीस टक्के.

घरात एकही जण चुकत नव्हता, हीच पंचाईत होती. शंका बिनबुडाची असली तर उडवून लावता येते. इथे प्रत्येकाचं निदान शास्त्रशुद्ध होतं आणि प्रत्येकाला त्याचा उपचार आत्ताच्या आत्ता, बाकीच्यांच्या उपचारांसोबत करून हवा होता. लेक एकच वाक्य परत परत म्हणत राहिली, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची." हे वाक्य आपल्या लोकांना सहन होत नाही. ताप आला की गोळी, काढा आणि अंगारा एकदम देणाऱ्या घरात, कशाने उतरला हे विचारणाराच नतद्रष्ट ठरतो.

यांनी मधल्या काळात लेकीला धीर द्यायला बिल गेट्सची गोष्ट सांगितली. 20 एप्रिल 1998ला शिकागोच्या प्रदर्शनात गेट्स मंचावर असताना त्यांचा सहकारी विंडोज 98ला स्कॅनर जोडून दाखवत होता आणि सगळ्यांसमोर निळी स्क्रीन आली. अण्णांनी विचारलं, "मग ते बाजारात आणलं का?" हे म्हणाले, "हो, जूनमध्ये." अण्णा म्हणाले, "धाडस आहे."

मी बँकेत आहे. हिशेब जुळत नसेल तर आम्ही आधी फरकाकडे बघतो. तो नऊने भागला गेला तर कुठेतरी 84चे 48 झालेत, हे समजून तेवढंच शोधतो. त्याच सवयीने मी पहिल्या निळ्या स्क्रीनपासून वहीत टिपत होते: किती टक्क्यांवर पडलं, काय लिहून आलं. वही लेकीपुढे ठेवली. अठरा, एकसष्ट, बत्तीस, एकदा तर भाषा निवडायच्या आधीच. संदेशही दर वेळी वेगळा. पेनड्राइव्हवरची फाइल खराब असेल तर गाडी बहुधा दर वेळी त्याच ठिकाणी अडते. जागा आणि कारण दोन्ही बदलत राहिली तर रॅमकडे बघावं, कारण पेनड्राइव्हवरचं दाबून भरलेलं विंडोज आधी रॅममध्ये उघडतं आणि मग डिस्कवर मांडलं जातं. तिथे एक बिट उलटा पडला की पुढचं सगळं लेखन बिघडतं.

रॅमच्या खोक्यावर वेग 6000 छापला होता. मदरबोर्ड आपण होऊन ती 4800 वगैरे वेगाने चालवतो. खोक्यावरचा वेग हवा असेल तर बायोसमध्ये जाऊन प्रोफाइल चालू करावं लागतं, आणि प्रोसेसर बनवणारे त्याला ओव्हरक्लॉकिंगच समजतात. लेकीने चालू केलेलं ते प्रोफाइल आधी बंद केलं. तरी निळी. मग मेमटेस्ट. हा कार्यक्रम क्रिस ब्रेडी यांनी 1994 मध्ये पहिल्यांदा लिहिला. त्याला विंडोज लागत नाही, तो थेट पेनड्राइव्हवरून चालतो. रॅमच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहायचं आणि तेच परत वाचता येतंय का बघायचं, एवढंच तो तासन्‌तास करतो. बघायला यापेक्षा कंटाळवाणं काही नाही, त्यामुळे घरातले सगळे तज्ज्ञ जेवून झोपायला गेले. लेकीने दोनपैकी एकच स्टिक ठेवली, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, मदरबोर्डच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. रात्रभर एकही चूक नाही. सकाळी तिथेच दुसरी लावली आणि माझा चहा व्हायच्या आत स्क्रीनवर लाल ओळी आल्या.

16 जीबीच्या एका स्टिकमध्ये 13,743 कोटींहून जास्त बिट असतात. त्यातले मोजके बिघडले होते. अण्णा म्हणाले, "टक्केवारी काढली तर विशेष प्रावीण्य आहे हो."

चांगल्या स्टिकवर विंडोज सरळ शंभर टक्क्यांपर्यंत गेलं आणि म्हणालं, इंटरनेट जोडा. इंटरनेटसाठी वायफाय हवं, वायफायला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हर इंटरनेटवर. पुढे जायचं बटणच नाही. या वळणावर पहिल्यांदा यांचं शास्त्रशुद्ध नसलेलं काहीतरी उपयोगी पडलं: चार्जिंगला म्हणून त्यांनी आपला मोबाइल कॉम्प्युटरला केबलने लावला, लेकीने त्यात यूएसबी टेदरिंग चालू केलं आणि काम झालं. श्रेय ते अजून घेतात.

सदोष स्टिक वॉरंटीत बदलून मिळणार होती. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मुलगा म्हणाला, "किट आहे मॅडम. जोडीने येतं, जोडीनेच जातं." म्हणजे बिघडलेलीसोबत चांगलीही द्यायची. रॅमशिवाय कॉम्प्युटर स्क्रीनसुद्धा लावत नाही, तेव्हा सगळं सुरळीत झालेलं ते यंत्र जोडी परत येईपर्यंत हॉलमध्ये नुसतं उभं होतं. लेकीने सबमिशन मैत्रिणीच्या लॅपटॉपवर केलं.

तुम्ही घरी कॉम्प्युटर जोडणार असाल तर विंडोजच्या आधी रात्रभर मेमटेस्ट लावा, आणि रॅमचा प्लॅस्टिकचा खोका टाकू नका. आमच्याकडे काउंटरवर बिलासोबत तोही मागितला. अण्णांनी त्यात रक्तदाबाच्या गोळ्या ठेवल्या होत्या, म्हणून तो सापडला.