सरांच्या नोट्स चालतात

प्रमोशनसाठी रिफ्रेशर लागतो, म्हणून केला. समावेशक अध्यापन आणि तंत्रज्ञान. दोन आठवडे, ऑनलाइन. विषय कळवळ्यानं निवडला असं स्टाफरूममध्ये सांगितलं. खरं तर त्यातच जागा उरल्या होत्या. वर जाकीट, खाली लेंगा असा मी समाविष्ट झालो. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016च्या कायद्यात एकवीस झाले, हे वहीत दोनदा अधोरेखित केलं. चाचणीत येणार होतं.

मला कुणी समावेशकता शिकवावी याचंच हसू येत होतं. कारण माझ्या नोट्स.

नोट्सबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. प्राचीन मराठी वाङ्मय, पानं 214. 2008 साली डीटीपीवाल्याच्या उशाशी बसून टाइप करून घेतलेल्या. फॉन्ट असा वळणदार, की आशयाकडे लक्ष जाऊ नये. कॉलेजच्या फाटकासमोरचा झेरॉक्सवाला त्या स्पायरल करून टांगतो; शेजारच्या दोन तालुक्यांतली पोरं घेऊन जातात. एकदा माझीच प्रत हरवली म्हणून गेलो, तर नवा पोऱ्या म्हणाला, “घ्या काका, या सरांच्या नोट्स चालतात.” मी ओळख न देता पूर्ण पैसे मोजले. पीएचडीनं इतकं सुख दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उगीच परत त्या बाजूनं गेलो.

तर पाचव्या दिवशीच्या साधनव्यक्ती मॅडम स्वतः अंध होत्या. “कुणी आपलं साहित्य दाखवेल?” त्यांचं वाक्य संपायच्या आत माझी फाइल पडद्यावर होती. त्यांनी एनव्हीडीए लावला. एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं 2006 साली सुरू केलेला हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. माझे ज्ञानेश्वर बोलू लागले : “एस, डॉलर, कंस सुरू, एफ, एफ...”

कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. बाकी शांतता.

मॅडमनी समजावलं. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना ‘ज्ञ’ दिसतो, संगणकाच्या पोटात मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. युनिकोडमध्ये देवनागरी 1991पासून आहे. मी डीटीपीवाल्याकडे गेलो तो त्यानंतर सतरा वर्षांनी.

मला पहिल्या बाकावरचा मुलगा आठवला. त्याला अजिबात दिसत नसे. याच नोट्सचा पेन ड्राइव्ह मी त्याच्या हातात ठेवला होता, पाठ थोपटली होती, आणि ती पाठ पुढं प्रत्येक मीटिंगमध्ये थोपटली. तीन वर्षं तो “थँक्यू सर” म्हणत राहिला. तक्रारीची सोय आम्ही ठेवलीच नव्हती. आभाराची तेवढी होती. या एका गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि तो काढायला दुसरं कुणी सापडत नाही.

तो आता बँकेत आहे. फोन केला.

“पेन ड्राइव्ह नाही चालला, सर. फाटकासमोरून झेरॉक्स घेतली. आई वाचून दाखवायची. सातवी शिकलीय, हळू वाचते. पण सगळ्या वाचल्या.” मग जरा घुटमळून, “रागावू नका. पान 61वर आई अडली होती. रोज ज्ञानेश्वरी वाचते ती. म्हणाली, शक चुकलाय, बाराशे बारा हवा. मी म्हटलं, सरांचं कसं चुकेल?”

पान काढलं. इसवी सन 1290 हवं तिथं ‘शके 1290’ छापलंय. दोन तालुके 2008पासून तेच लिहितायत, आणि मी गुण देतोय.