आमची मंडळी आयआयटीत

गणिताच्या बाईंना सगळं येतं, असा मुलांचा समज असतो. निवृत्त होईपर्यंत माझाही तोच समज होता.

संगणकाशी माझी तोंडओळख नव्हती असं नाही. एमएस-सीआयटी मी केली होती, वेतनवाढ अडू नये म्हणून आमच्या पिढीतल्या शिक्षकांनी केली तशीच. त्यातून माझ्या दोन गोष्टी पक्क्या झाल्या. पॉवरपॉइंटमध्ये अक्षरं गरगरत आणता येतात आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स सेवापुस्तकाला लावायची असते. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले, तेव्हा छपाईतला दोष समजून मी गठ्ठा उचलून थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यात या चौकोनी कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. पेपरमधली ती बातमी मी यांना वाचून दाखवली नाही.

त्याच वर्षी शाळा बंद झाल्या. तोवर माझ्या टेबलाचा खण मुलांकडून जप्त केलेल्या मोबाइलसाठी प्रसिद्ध होता. जूनमध्ये मीच घरोघरी फोन लावून विनवत होते, "अहो, त्याला तासापुरता तरी मोबाइल द्या हो." एक पालक शांतपणे म्हणाले, "बाई, देतो की. तुमच्या खणातला तेवढा परत करा."

निवृत्तीनंतर चार महिने बरे गेले. मग मी घरातल्यांच्या बोलण्यातल्या चुका काढू लागले. शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. माझा स्वभाव जाणून असल्यामुळे तो म्हणाला, "काकू, तुम्ही स्वयमवर कोर्स करा ना."

हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "आता या वयात स्वयंवर?"

स्वयम् हे केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेलं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून उभ्या केलेल्या एनपीटीईएलचे कोर्सही तिथे असतात. शिकायला पैसे नाहीत, वयाची अट नाही, प्रवेश परीक्षा नाही. प्रमाणपत्र हवं असेल तरच हजार रुपये भरायचे आणि केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. आयुष्यभर मुलांना "तुम्ही काय आयआयटीत जाणार" असं ज्या सुरात म्हटलं, तो सूर आठवून मी जरा ओशाळले आणि पायथन या संगणकाच्या भाषेचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला. पायथन हे नाव सापावरून नाही, 'माँटी पायथन' या इंग्लंडच्या विनोदी मालिकेवरून ठेवलंय, असं पहिल्याच आठवड्यात कळलं. विनोद तिथूनच सुरू झाला. पुढचे सगळे माझ्यावर होते.

व्हिडिओतले सर माझ्या मुलाच्या वयाचे. इंग्रजी स्वच्छ, पण वेग भारी. शेजारचा मुलगा सगळं दीडपट वेगाने ऐकतो. मी पाऊणपट लावून पाहिलं, तर सर श्रीखंड-पुरीचं जेवण करून तासावर आल्यासारखे बोलू लागले. तरी एक सोय मला फार आवडली. तीसेक वर्षं मी वर्गाला "गप्प बसा" म्हणत आले. इथे एका बोटाने सरांनाच गप्प बसवता येत होतं. भाजी परतून यावं, सर हात वर करून तसेच उभे. तीच ओळ सात वेळा ऐकावी, सरांच्या कपाळावर आठी नाही. माझ्या वर्गात एखाद्याने तीच शंका तिसऱ्यांदा विचारली असती तर त्याला कुठे उभं राहावं लागलं असतं ते सांगलीतले माझे माजी विद्यार्थी सांगतील.

पण हेच सर दर पाच मिनिटांनी "क्लिअर?" असं विचारायचे आणि अर्धा सेकंद थांबून पुढे जायचे. मी खुर्चीतून "नाही, नाही!" म्हणेपर्यंत पुढची स्लाइड आलेली असायची. मला राग आला. मग आठवलं, "समजलं ना?" असं विचारता विचारता मी फळा पुसायला घेत असे. पुसलेल्या फळ्यासमोर "नाही समजलं" म्हणण्याचं धाडस कोण करणार?

पायथनला समासाचं भारी वेड. कुठली ओळ किती आत सरकवायची याचे नियम ठरलेले. वहीत समास न सोडणाऱ्याचा मी अर्धा मार्क कापायचे. पायथन सगळेच कापतो. एकदा दोन ओळी माझ्या डोळ्यांना अगदी एका रेषेत दिसत होत्या, मी पडद्याला पट्टी लावून पाहिली, तरी यंत्र एरर म्हणून अडून बसलं. शेजारचा मुलगा जेवणाच्या ताटावरून उठून आला आणि म्हणाला, "काकू, एका ओळीत टॅब आहे, दुसरीत स्पेस." जे दिसतच नाही त्यात चूक काढायची, ही पातळी मीसुद्धा कधी गाठली नव्हती.

पुढे रेंज आली, म्हणजे कुठून कुठवर मोजायचं ते यंत्राला सांगणं. एक ते दहा असं सांगितलं की पायथन नवावर थांबतो. मी हौसेने बेचा पाढा छापायचा प्रोग्रॅम केला, तर तो बे नवे अठराशी संपला. बे दाहे वीस गायब! पहिलीच्या मुलाने असा पाढा म्हटला असता तर त्याच्या आईला बोलावून घेतलं असतं.

हे सगळं मी गिळलं. चौथ्या आठवड्याच्या गृहपाठात मात्र प्रश्न आला, की ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ च्या बरोबर आहे का, पायथन काय म्हणेल? मी चष्मासुद्धा न लावता 'होय' टिचकवलं. उत्तर चुकीचं. मग स्वतः टाइप करून पाहिलं. पडद्यावर आलं ०.३०००००००००००००००४. तीन, मग पंधरा शून्यं आणि शेवटी एक चार, दारात उभा राहिलेला.

माझ्यातल्या बाई जाग्या झाल्या. कोर्सच्या शंका विचारायच्या पानावर मी इंग्रजीत मजकूर लिहिला. अनुभवाची वर्षं लिहिली, दहावीचे पेपर तपासल्याचं लिहिलं, ज्या यंत्राला चौथीची बेरीज येत नाही त्याच्याकडून देशातल्या तरुणांनी काय शिकायचं असा सवाल टाकला, आणि खाली 'आपली विश्वासू' लिहून समाधानाने झोपले.

सकाळी उत्तरांची रांग लागली होती. बहुतेकांनी हसरे चेहरे पाठवले होते. तमिळनाडूतल्या एका मुलीने मात्र एकच ओळ लिहिली होती: "मॅम, १/३ दशांशात पूर्ण लिहून दाखवाल का?"

मी लिहायला घेतलं. शून्य पूर्णांक तीन, तीन, तीन... आणि पेन खाली ठेवलं.

नववीला आवर्ती दशांश मीच शिकवायचे. छेदात दोन आणि पाच सोडून दुसरा मूळ अवयव राहिला, की दशांश संपत नाही, हा नियम चौकटीत लिहून द्यायचे. हा नियम असा का, तर आपण दहाच्या पायावर मोजतो आणि दहा म्हणजे दोन गुणिले पाच. यंत्र मोजतं दोनच्या पायावर. तिथे पाच बाहेर पडतो, आणि एक दशांश ही गरीब बिचारी संख्या आपल्या एक तृतीयांशाइतकीच न संपणारी होऊन बसते. यंत्राला ती कुठेतरी तोडावी लागते. तोडलेल्या ठिकाणी जे उरतं तो हा चार. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं, कारण मुलांनी विचारलं नव्हतं. कोणी विचारलं असतं तर "पोर्शनमध्ये आहे का?" म्हणून मी त्याला खाली बसवलं असतं.

त्या दुपारी मी वहीत ०.१ ची दुप्पट करत बसले. दोन दशांश, चार दशांश, आठ दशांश, एक पूर्णांक सहा. वरचा एक बाजूला काढायचा, उरलेल्याची पुन्हा दुप्पट. शून्य शून्य एक एक, शून्य शून्य एक एक, चौकडी परत परत येऊ लागली. आमटी करपल्याचा वास मला आला, पण तो दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातला वाटला.

यानंतर माझं वर्तन सुधारायला हवं होतं. झालं उलटंच. शेजारच्या मुलाने मला कोर्स करणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं. गृहपाठ बुधवारी रात्री ११:५९ पर्यंत पाठवायचा असायचा; मंगळवारी रात्री ग्रुपवर दहाही उत्तरं हजर. मोज्यातली, पट्टीमागची, तळहातावरची कॉपी मी वर्गात वासावरून ओळखायचे. इथे कॉपी स्वतः चालत माझ्या हातात येत होती, वर हात जोडलेलं चित्रसुद्धा. रिकर्शनच्या आठवड्यात, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःलाच बोलावतो आणि ते बोलावणं कुठे संपतं ते मला कळत नव्हतं त्या आठवड्यात, रात्री साडेअकराला मी दाराला कडी घातली आणि उत्तरं उतरवली. दहापैकी चार. ती मागच्या वर्षीच्या गृहपाठाची होती.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर कॉपीच्या दुष्परिणामांवर सविस्तर लिहिलं. खाली एकाने विचारलं, "मॅम, तुम्हालाही चारच का?" बारा गृहपाठांतले उत्तम आठच धरतात, त्यामुळे ते पाप हिशेबातून गळालं. ग्रुपच्या आठवणीतून अजून गळालेलं नाही.

परीक्षा कोल्हापूरच्या एका कॉलेजात होती. फाटकावरचा रखवालदार मला हाताने बाजूला सारत म्हणाला, "मावशी, पालकांनी झाडाखाली थांबायचं." मी हॉल तिकीट पुढे केलं. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि म्हणाला, "पोरगी आली न्हाई व्हय?" आत पर्यवेक्षक तिशीचे असतील. मी वर्गात शिरताच ते उठून उभे राहिले आणि मीही सवयीने "बसा" म्हणाले. त्यानंतर तीन तास त्यांनी माझ्या बाकाच्या आसपास फिरायचं टाळलं. वेळ दाखवणारं घड्याळ पडद्यावर उलटं पळत होतं. मी कच्च्या कागदावर आधी समास आखला.

निकाल लागला: गृहपाठाचे पंचवीसपैकी २२, परीक्षेचे पंचाहत्तरपैकी ३५. एकूण ५७. साठ किंवा त्याहून जास्त असतील तर 'एलिट' असा शिक्का मिळतो. तीन मार्कांनी अडकलेला मुलगा समोर आला की मी त्याला "तीन मार्क म्हणजे तीन मार्क" असं सांगायचे. आता मी संगणकासमोर बसून कुणाकडे कृपांक मागावेत ते शोधत होते.

एवढ्यावर थांबलं असतं. पण यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, "आमची मंडळी आयआयटी पास." संध्याकाळपर्यंत पुण्याच्या नणंदेने कोणती आयआयटी मिळाली ते विचारलं, एका भाच्याने हॉस्टेलची सोय होईल का म्हणून काळजी केली, आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने शाल-श्रीफळ ठरवून फ्लेक्ससुद्धा छापून आणला: 'आयआयटीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. फोटो माझ्या मुलाच्या लग्नातला. त्यात मी विहिणीशी हुज्जत घालतेय.

मी भाषणात खरं काय ते सांगायचं ठरवलं. निवड नाही, कोर्स आहे. एलिट नाही, ५७ आहेत. कोणी ऐकलं नाही. मग मी तो चार सांगितला, तीन आणि पंधरा शून्यांनंतरचा. तेव्हा मात्र दुसऱ्या रांगेतले निवृत्त बँक मॅनेजर काठी टेकत उभे राहिले.

"एक मिनिट. म्हणजे फरक येतो?"

"अगदी नगण्य," मी म्हणाले.

"बाई, आमच्या ब्रँचला पाच पैशांचा फरक आला तरी रात्री नऊपर्यंत कोणी घरी जात नव्हतं. आणि हे पोरांना शिकवतात?"

पैशांच्या हिशेबासाठी पायथनमध्ये डेसिमल नावाची वेगळी सोय आहे, तिथे ०.३ म्हणजे नेमके ०.३ येतात, असं मी समजावलं. त्यांना पटलं नाही. फरक स्वतः शोधल्याशिवाय त्यांचं समाधान होणार नव्हतं, म्हणून चहा व्हायच्या आत माझ्या मोबाइलवर त्यांचा प्रवेश अर्ज भरायला घेतला. नाव झालं, पत्ता झाला. जन्मसालाची यादी चालू वर्षापासून सुरू होत होती. १९७० पर्यंत मी सरकवली, पुढे त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने ओढायला घेतली. १९५० पाशी ते दम खायला थांबले आणि म्हणाले, "आलंच. अजून चार."