अक्का आणि बाख

ज्याला स्वतःला फुंकावं लागत नाही, त्याने फुंकून वाजवायच्या वाद्यासाठी काही लिहू नये, असा कायदा अठराव्या शतकातल्या जर्मनीत असता, तर आमच्या घरातला पावसाळा सुखाचा गेला असता. योहान सेबास्टियन बाख हा मूळचा ऑर्गनवाला. चर्चमधल्या ऑर्गनला भाते असतात आणि त्या काळी ते हलवायला वेगळी माणसं ठेवलेली असत. म्हणजे वाजवणार बाख आणि धाप लागणार दुसऱ्याला! अशा माणसाने नुसत्या फ्लूटसाठी, साथीबिथीशिवाय, ए मायनरमध्ये एक पार्टिता लिहून ठेवली. तिचा पहिला भाग आलेमांद. त्यात पहिल्या ओळीपासून एका मात्रेत चार सूर या हिशेबाने जी चौपट सुरू होते ती थांबतच नाही. आलेमांदच्या दोन भागांच्या मध्ये काय ती उसंत. बाकी वाजवणाऱ्याने श्वास कुठे घ्यायचा, हा प्रश्न बाखने देवावर सोडलेला आहे. तो धार्मिक माणूस होता.

आमच्या लेकीने संगीत स्पर्धेसाठी नेमका हाच पीस निवडला.

हल्ली विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत पाश्चात्त्य वाद्यवादन असा एक प्रकार असतो आणि त्याच्या तयारीच्या निमित्ताने इतर छोट्यामोठ्या स्पर्धाही निघालेल्या आहेत. त्यातल्या एकीत तिने नाव दिलं. तिचे सर पुण्याचे, शिकवणं मोबाइलवरून. त्यांनी आधी टेलेमान सुचवला होता. टेलेमानच्या फ्लूटच्या बारा फँटसिया आहेत, देखण्या आहेत, आणि मुख्य म्हणजे हा गृहस्थ स्वतः फ्लूट वाजवायचा. त्यामुळे माणसाला फुप्फुसं दोनच असतात, हे त्याला ठाऊक होतं. पण लेकीचं म्हणणं, टेलेमान सगळेच वाजवतात. सिडकोच्या आमच्या गल्लीत टेलेमान वाजवणारे हे सगळे कोण, असं मी विचारलं. उत्तर मिळालं नाही.

बरोक म्हणजे नेमकं कधीचं, हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागे. शेवटी मी सोपा उपाय काढला. ‘मकबऱ्याच्या काळातलं,’ असं सांगायचं. हे खोटंही नाही. मलिक अंबरने आमचं हे गाव खडकी या नावाने वसवलं १६१० मध्ये, म्हणजे युरोपात बरोक संगीत नुकतं पाळण्यात होतं तेव्हा. पुढे खडकीचं औरंगाबाद झालं, बीबी का मकबरा उभा राहिला. आणि १७०७ मध्ये इकडे औरंगजेबाला खुलताबादला मूठमाती मिळाली, त्याच वर्षी तिकडे पॅरिसमध्ये ओतेतेर नावाच्या वादकाने आडवी फ्लूट कशी वाजवावी याचं पुस्तक छापलं. औरंगजेबाने दरबारातलं संगीत बंद केल्याची गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. तेव्हा ही दोन सालं जुळवून सांगितली की पाहुणे एकदम माना डोलवत आणि चहाकडे वळत. बाख तेव्हा बावीस वर्षांचा होता, हे मी कुणाला सांगत नसे. त्याच्याविषयी सहानुभूती निर्माण व्हावी अशी माझी इच्छा नव्हती.

रियाजाची मोठी अडचण पाण्याची. आमच्याकडे नळाला पाणी येतं तो सणच असतो. तो कधी येणार हे पंचांगात नसतं, शेजारच्या काकूंना कळतं. पाणी आलं की गल्लीतल्या झाडून सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि तासभर एकच घुमारा. लेकीने एकदा ट्यूनरचं अ‍ॅप लावून तो मोजला. वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून मोटारीचा घुमारा त्याच्या दुप्पट, शंभराच्या आसपास. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी पाचपेक्षा केसभर चढा. पीस पांढरी सहाचा. म्हणजे आख्खी गल्ली खालच्या सुरात तानपुरा धरून बसलेली आणि ही एकटी वर आलेमांद वाजवते आहे, असा तो देखावा. त्यात समोरच्या अण्णांनी बाल्कनीतून सल्ला दिला, ‘बेटा, तुझा सूर जरा लागत नाहीये, मोटारीला मिळवून घे.’

अण्णा स्वतः बासरी वाजवतात, गणपतीत त्यांचा कार्यक्रम असतो. त्यांनी आलेमांद पूर्ण ऐकून घेतलं, हे त्यांचे उपकार. म्हणाले, ‘कीरवाणी आहे. पण मधूनमधून कुणीतरी बिघडवलाय.’ मग त्यांनी मूळ दुखण्यावर बोट ठेवलं. आपल्याकडे तान कुठवर न्यायची हे वाजवणारा ठरवतो. दम संपत आला की सुंदरशी तिहाई घेऊन समेवर यावं, लोक वाहवा म्हणतात, तेवढ्यात श्वास होतो. ‘तुमच्या या बाखने आधीच सगळं लिहून ठेवलंय,’ ते म्हणाले, ‘आणि वाहवासाठी जागाच सोडलेली नाही.’ पाश्चात्त्य संगीतावर मी बरंच वाचलं आहे, पण यापेक्षा नेमकी टीका कुठे सापडली नाही.

लेकीची नोटेशनची झेरॉक्स हळूहळू पाहण्यासारखी झाली. फ्लूटवाले श्वासाची जागा ओळीच्या वर पेन्सिलीने स्वल्पविराम काढून दाखवतात. आज इथे काढलेला स्वल्पविराम उद्या खोडला जाई, परवा पुढच्या मात्रेवर जाई. खोडरबराने कागद इतका झिजला की उजेडात धरल्यावर पलीकडचा कूलर दिसावा. एकीकडे श्वास घेतला तर वाक्य तुटतं, दुसरीकडे घेतला तर ताल तुटतो, आणि कुठेच नाही घेतला तर मुलगी तुटते. शिवाय हे सगळं निभावून नेल्यावर या पीसचा शेवटचा सूर कोणता, तर फ्लूटवरचा जवळजवळ टोकाचा, तार सप्तकाच्याही पलीकडचा ए. दौलताबादचा किल्ला अंधारीसकट चढून वर पोचलेल्या माणसाला ‘आता पोवाडा म्हणा’ म्हणावं, तसा तो प्रकार आहे. हा पीस मुळात फ्लूटसाठी लिहिलेलाच नसावा, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतलेली आहे. लेकीला मात्र ती पटत नव्हती. ती म्हणे, ‘श्वास लागेल असंच कुणीतरी मुद्दाम लिहिलंय, सुनेला छळायला लिहावं तसं.’

अशा वेळी पैठणहून अक्का आली.

अक्का माझी थोरली बहीण, म्हणजे लेकीची आत्या. उभी हयात प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तिचं येणं दुप्पट झालं आहे, त्यामुळे खर्च तेवढाच राहतो, असा तिचा हिशेब. अक्का बोलायला लागली की मध्ये बोलता येत नाही. भावोजी लग्नानंतर वर्षभर प्रयत्न करत होते, मग त्यांनी शेतीत लक्ष घातलं.

त्या दिवशी ती चपला काढता काढताच सुरू झाली. लेक कोपऱ्यात झिजलेला कागद घेऊन बसली होती. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ती कागदाकडे बघतच नाहीये. पेन्सिल हातात धरून आत्याच्या तोंडाकडे बघते आहे. मग तिने कागद उलटा केला आणि आत्याचं बोलणं उतरवून घ्यायला लागली. तो कागद मी जपून ठेवला आहे. श्वासाच्या जागी तिने फुली केली आहे:

‘बिडकीनला गाडी थांबली तर एक बाई चढली अन् मला म्हणते सरका जरा मी × म्हटलं बाई सरकले असते पण खिडकीला गज आहेत तर ती × हसायलाच लागली अन् हसता हसता निघाली कोण तर आपल्या शकूच्या जावेची मावसबहीण तिने × मग डबाच उघडला त्यात धपाटे होते पण × मीठ कमी.’

‘आत्या,’ लेक म्हणाली, ‘तू वाक्य संपलं की श्वास घेतच नाहीस.’

‘तिथं कशाला घेऊ? तिथं घेतला की तुझा बाप मधी बोलतो.’

अक्काला यात काही विशेष वाटलं नाही. शाळेत पुढच्या वाक्याचा पहिला शब्द टाकून ठेवायचा आणि मग दम घ्यायचा, पोरं गप्प राहतात, एवढंच ते. ‘मी’ म्हटलं की ऐकणारा मी काय केलं याची वाट बघतो, तेवढ्यात आपलं काम होतं. लेक उठली, फ्लूट जोडली आणि आतल्या खोलीत गेली. तिथून पहिल्यांदाच आलेमांद धाप न लागता ऐकू आलं. सूर समेवर येऊन टेकायचा, तो समेचा एक सूर वाजायचा, आणि मग श्वास. ऐकणारा पुढच्या वाक्यात जाऊन बसलेला असायचा, त्याला मागे काही फट राहिली हे कळायचंच नाही.

गंमत अशी की ही युक्ती छापील आहे. क्वान्ट्झ म्हणून एक होता, प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला फ्लूट शिकवायचा. त्याने १७५२ मध्ये फ्लूटवादनावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात एक प्रकरण फक्त श्वासावर खर्ची घातलं. एकसारख्या वेगवान सुरांची ओळ असेल तर ठोक्यावर येणारा सूर आधी वाजवा आणि त्यानंतर श्वास घ्या, असंच तो सांगतो. सरांनी पुण्याहून हे मोबाइलवर वाचून दाखवलं. अक्का शेजारीच शेंगा सोलत होती. म्हणाली, ‘हे मास्तर कुठल्या जिल्हा परिषदेचे?’

क्वान्ट्झवर त्यानंतर आमची भक्ती बसली. त्याच ग्रंथात, जाहीर कार्यक्रमात वाजवताना काय काळजी घ्यावी, हे सांगताना तो एक व्यवहारी सल्ला देतो. उकाड्यात ओठांशी घाम येऊन फ्लूट खाली घसरायला लागली, तर डोक्यावरच्या विगमध्ये बोटं घालावीत आणि बोटांना लागलेली पावडर ओठांखाली चोळावी. स्पर्धा ऑक्टोबरात होती आणि आमच्याकडचा ऑक्टोबर प्रशियाच्या राजवाड्यातल्यासारखा नसतो. विगचा प्रश्न आला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे पावडर थोपता येईल इतपत मोकळी जागा आहे हे खरं, पण मी स्टेजवर येणार नाही असं ठणकावून सांगितलं. शेवटी लेकीच्या कानामागे टाल्कम लावून काम भागवायचं ठरलं.

स्पर्धेच्या फॉर्ममध्ये ‘राग’ आणि ‘ताल’ असे रकाने होते. तिने ‘ए मायनर’ आणि ‘चार मात्रा’ लिहिलं. ‘साथीदार’ या रकान्यात ‘नाही’ लिहिल्यावर टेबलावरच्या मुलाने काळजीने विचारलं, ‘ताई, तबलेवाला आला नाही का? आमच्याकडे एक जण रिकामा आहे.’ तिच्या आधी दोन गिटारवाले आणि एक कीबोर्डवाला होऊन गेले. कीबोर्डवाल्याने बटण दाबलं की आपोआप ढोलक वाजायचा, टाळ्याही त्यालाच जास्त. हिने कानामागे हात नेला, बोट हनुवटीवर फिरवलं आणि सुरू केलं.

मी तिसऱ्या रांगेत, शेजारी अक्का. पहिल्या भागात समेमागून सम नीट पडत गेली. दुसऱ्या भागाच्या मध्यावर एका ठिकाणी मला वाटलं, गेली. पण तिथे सूर एकदम खाली उतरतो, जणू दुसराच कुणी बोलायला लागला आहे, आणि त्या वळणावर तिने अलगद दम भरून घेतला. ‘हे मी नाही शिकवलं,’ अक्का कुजबुजली. शेवटचा ए लागला. किंचित पातळ, पण लागला.

बक्षीस दुसरं मिळालं. पहिलं ढोलकवाल्याला. कार्यक्रमानंतर परीक्षकांपैकी एक सद्गृहस्थ मुद्दाम खाली आले आणि म्हणाले, ‘श्वास कुठे घेतलास कळलंच नाही. कुणाकडे शिकतेस?’ लेकीने पुण्याच्या सरांचं नाव सांगायला तोंड उघडलं, तोवर अक्का पुढे झाली होती. तिने बिडकीनपासून सुरुवात केली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, त्यांचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला, एकदा ते ‘बरं, मग’ एवढं म्हणालेही. पण ते त्यांनी वाक्याच्या शेवटी म्हटलं, आणि तिथे अक्का नसतेच. धपाट्यातलं मीठ निघालं तेव्हा मी गाडी काढायला गेलो.