झोपण्यापुरती खोली

सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबात हॉटेलविषयी एकच सिद्धांत चालतो : "खोली काय, झोपण्यापुरती तर हवी!" आणि तो मांडणाऱ्या माणसाला झोप लागायला स्वतःची उशी, स्वतःची चादर, भिंतीकडची बाजू आणि पंख्याचा ठरावीक वेग लागतो. आमच्याकडे हे खातं मामांचं. मामा कोषागारातून निवृत्त झाले, म्हणजे मामा कोषागारातून बाहेर पडले. कोषागार मामांमधून अजून बाहेर पडायचं आहे. म्हैसूरचं ठरल्यावर त्यांनी राजवाड्याजवळच्या हॉटेलांचे दर चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले आणि निकाल दिला, "आपल्याला राजवाडा बघायचाय, उशाशी घेऊन झोपायचं नाहीये." विजयनगरात एक फॅमिली रूम ठरली. माणसं पाच, खाटा चार, आणि एक 'एक्स्ट्रा बेड'.

विजयनगर म्हटल्यावर सासूबाई खूश झाल्या. त्यांना हंपी पाहायची होतीच. कृष्णदेवरायाचं विजयनगर इथून सुमारे ४०० किलोमीटर लांब आहे आणि हे विजयनगर म्हणजे म्हैसूरच्या वायव्येला वसवलेली बंगल्यांची, झाडांची, दुपारी गाढ झोपणारी वसाहत आहे, हे त्यांना गाडीत बसल्यावर सांगण्यात आलं. या वसाहतीचे 'स्टेज' आहेत : फर्स्ट, सेकंड, थर्ड, फोर्थ. त्यापुढे अमुक मेन, तमुक क्रॉस. मारुतीच्या मागे, गिरणीच्या समोर, विचारा कुणालाही, अशा पत्त्यांवर वाढलेल्या माणसाला हा सगळा आलेखाचा कागद वाटतो. सासूबाईंनी पोहोचल्याचं कळवायला सांगलीच्या बहिणीला फोन लावला. "अगं, सेकंड स्टेज आहे." पलीकडे शांतता. मग हुंदका आवरत मावशी म्हणाल्या, "सेकंड ना? म्हणजे वेळेत कळलं म्हणायचं."

आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा पहाटेचे पावणेसहा होत होते. काउंटरमागे पाटी होती : चेक आउट २४ तास. दक्षिणेतल्या लॉजांची ही जुनी आणि न्याय्य रीत. तुम्ही याल तेव्हा तुमचं घड्याळ सुरू. बारा वाजता सगळ्यांना सरसकट बाहेर काढणाऱ्या हॉटेलांपेक्षा ती केव्हाही सभ्य. पण मामांनी पाटी वाचली, मनगट पाहिलं आणि नोंदवही उघडणाऱ्या मॅनेजरच्या हातावर हात ठेवला. "थांबा. आत्ता सही केली तर निघायच्या दिवशी पहाटे पावणेसहाला उठवतील आपल्याला."

"मग?" बायकोने विचारलं.

"आठला आत जायचं."

रात्रभर प्रवास केलेलं, पाठ आखडलेलं कुटुंब, पैसे भरून ठरवलेल्या खोलीच्या बाहेर, पायऱ्यांवर बसलं. मॅनेजर भला माणूस. त्याने आधी दोन खुर्च्या आणून दिल्या, मग कन्नड वर्तमानपत्र आणून दिलं आणि शेवटी स्वतःच येऊन पायरीवर टेकला. प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे कर्नाटकाचं राज्यव्यापी औषध होतं : "सार, स्वल्प अडजस्ट माडि." थोडं सांभाळून घ्या. मामा त्याला मराठीतून उत्तर देत होते आणि दोघांचं उत्तम जमत होतं.

खरं सांगायचं तर म्हैसूरची आमची सर्वांत चांगली वेळ म्हणजे तो पायरीवरचा पहाटेचा मुक्काम. समोरच्या बंगल्यातल्या बाईंनी फाटकाबाहेर सडा टाकला आणि हात न उचलता, ठिपक्यांना वेटाळत रांगोळी ओढली. सायकलवरून नंदिनीच्या दुधाच्या पिशव्या आल्या. कानटोपी घातलेले एक आजोबा फिरायला चालले होते. पायऱ्यांवर बिऱ्हाड पाहून थांबले. कुठून आलात, जेवण तिखट लागतं का, अशा चौकशा हिंदीत झाल्यावर त्यांनी फर्स्ट स्टेजमधल्या योगनरसिंहस्वामी मंदिरात जायला सांगितलं. एक जानेवारीला तिथे लाखांच्या हिशेबात लाडू करून वाटतात म्हणे. हे 'म्हणे' माझं नाही, मामांचं. आजोबा खात्रीने सांगत होते आणि ते खरंच आहे. मामांनी तारीख पाहिली. एक जानेवारी बरीच लांब होती. "सहलीचं नियोजन चुकलं," ते पुटपुटले.

कोपऱ्यावरचं टिफिनचं दुकान उघडलं. तिथे 'बाय टू' कॉफी मिळते : एका कॉफीचे दोन पेले. मामांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या विचारांचं राज्य सापडलं. फक्त आम्ही पाच जण होतो. "अडीच कॉफी," त्यांनी ऑर्डर दिली. गल्ल्यावरच्या माणसाने क्षणभर विचार केला, तीन कॉफ्या सांगितल्या आणि एक पेला स्वतः प्यायला.

आठला आम्ही विधिवत आत गेलो. पाच आधार कार्डांच्या झेरॉक्स, 'कोठून आलात', 'कोठे जाणार', 'कारण'. कारणाच्या रकान्यात मामांनी 'स्थलदर्शन' असं सुवाच्य मराठीत लिहिलं.

आता खोली. दारालगत अकरा बटणांचा बोर्ड. पहिल्याने पंखा, दुसऱ्याने बाहेरच्या जिन्याचा दिवा, चौथ्याने बाथरूममधला दिवा आणि गीझर दोन्ही, आणि सातव्याने काय होतं हे शेवटपर्यंत आम्हाला कळलं नाही. मात्र ते दाबलं की खालून कुणीतरी ओरडत असे. आरशावर आमच्या आधीच्या कुणा माउलीच्या दोन टिकल्या. टॉवेल इतका विरळ की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. एक्स्ट्रा बेड म्हणजे गादी, आणि ती अंथरल्यावर बाथरूमचं दार अर्धंच उघडायचं. आणि बादली एकच. गरम पाणी सहा ते नऊ, माणसं पाच, बादली एक, हे त्रैराशिक चिरंजीवांच्या शाळेत घातलं असतं तर मुलांना गणिताची खरी गोडी लागली असती. दुसरी बादली मागितली. "सार, स्वल्प..." मामांनीच वाक्य पूर्ण केलं.

झोपण्यापुरती म्हणून घेतलेल्या या खोलीत आम्ही सगळं केलं, झोप सोडून. दुपारी उन्हाचं परत यायचं, पाय पसरायचे, फरसाण सोडायचं, पत्ते मांडायचे, ओले रुमाल खिडकीच्या गजांवर वाळत घालायचे. रात्री मात्र मामा घोरायचे आणि आम्ही सिद्धांताचा विचार करत जागे.

राजवाडा तिथून पाच-सहा किलोमीटर. पाच माणसं एका रिक्षात बसत नाहीत, म्हणजे दोन रिक्षा, जाऊन-येऊन चार भाडी, आणि दुपारी आराम करायला परत आलो तर आठ. दुसऱ्या दिवशी मामांनी सिटी बस शोधली, पण तोवर खोलीत वाचलेले पैसे रिक्षावाल्यांच्या मुलांच्या शिक्षणाला लागले होते.

राजवाड्यात मामा रमले ते नक्षीत नाही, आकड्यात. जुना लाकडी वाडा १८९७ मध्ये राजकन्येच्या लग्नाच्या वेळी जळाला. हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्यावर नवा उभा राहिला, तो १९१२ मध्ये पूर्ण झाला. खर्च ४१,४७,९१३ रुपये. "शेवटचे तेरासुद्धा लिहून ठेवलेत!" मामांचा आवाज भरून आला. मधली पंधरा वर्षं राजघराण्याने जगनमोहन राजवाड्यात काढली हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "बघ, राजालाही अडजस्ट करावं लागलं." त्यांच्याकडे बादल्या किती होत्या हे मात्र कुठे लिहिलेलं नाही.

परतताना यादवगिरीत आर. के. नारायण यांचं घर पाहिलं. २०१६ पासून ते संग्रहालय आहे. वरच्या खोलीतून चामुंडी टेकडीचा असा देखावा दिसायचा की लिहिणं होईना, म्हणून त्यांनी खिडकीला पडदा लावला. आमच्या खिडकीतून शेजाऱ्याची पाण्याची काळी टाकी दिसायची. पडदा आमच्याकडेही होता, उपयोग कळला नव्हता. 'गाइड' यांचीच म्हटल्यावर मामांनी विचारलं, "देव आनंद कुठल्या खोलीत राहायचा?"

श्रीरंगपट्टणात मामांना इतिहास चढला. १७९१ च्या मे महिन्यात मराठा सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौज घेऊन या मुलखात आले, तेव्हा इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसचं सैन्य उपाशी होतं आणि मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात सगळं मिळत होतं; फक्त भाव चढे होते. तेव्हा दर आपण सांगत होतो. आता नारळपाणीवाला सांगतो. मामांनी घासाघीस केली, हरले आणि पूर्ण किंमत देऊन दोन नळ्या मागून घेतल्या.

निघायच्या दिवशी बिल आलं. एक हजाराच्या आतल्या खोलीवर पूर्वी जीएसटी नसे. १८ जुलै २०२२ पासून तो लागला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे. मामांना हे पाठ असल्याने मॅनेजरला रुपयाचीही चूक करता आली नाही. सगळं चुकतं झाल्यावर मामांनी घड्याळ पाहिलं. पावणेआठ. पंधरा मिनिटं शिल्लक होती. ते वर गेले आणि भरलेल्या बॅगांच्या मधोमध, उघड्या गादीवर आडवे झाले.

तुम्ही जाणार असाल तर विजयनगरात जरूर उतरा. वस्ती निवांत आहे, टिफिन स्वस्त आहे आणि माणसं थांबून बोलतात. राजवाड्याचे दिवे रविवारी आणि सुटीच्या दिवशी संध्याकाळी सातला लागतात, त्या बेताने वार निवडा. प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं. आणि खोली ठरवताना फोनवर टीव्ही, वायफाय काही विचारू नका. बादल्या किती, तेवढं विचारा.