कॉन्टूरताई

नागपुरात उन्हाळ्यात बाईचा चेहरा ही गुप्त गोष्ट असते. मार्च सरता सरता दुपट्टा जो डोक्यावरून नाकावर येतो आणि मानेमागे गाठीत जातो, तो मृगाच्या पावसापर्यंत सुटत नाही. वर गॉगल, हातांत कोपराच्या वरपर्यंत मोजे. शंकरनगर चौकात सिग्नलला सख्खी नणंद शेजारी येऊन थांबली तरी कळत नाही, गाडीचा नंबर वाचून "अगंबाई, ताई तुम्ही!" म्हणावं लागतं. अशा शहरात एक बाई रोज सकाळी नाकाच्या दोन बाजूंना, गालांच्या हाडांखाली आणि जबड्याच्या कडेनं तपकिरी रेघा ओढते, त्या घोटून घोटून सावलीत जिरवते, आणि मग त्या सगळ्यावर दुपट्टा करकचून बांधून मोपेड सुरू करते. तिला हौशी म्हणून सोडून देणं हा अन्याय होईल. हौस कधीतरी भागते.

ही कॉन्टूरताई. प्रत्येक ऑफिसात आणि प्रत्येक फ्लॅट स्कीममध्ये एक असतेच. आमच्या ताई त्रिमूर्तीनगरातून बर्डीला येतात. चाळिशी ओलांडलेल्या, चेहरा गोल आणि प्रसन्न, हिशेबात पक्क्या. त्यांचा दुसरा जन्म भाच्याच्या रिसेप्शनला झाला. धरमपेठेतली एक ब्यूटिशियन घरातल्या सगळ्या बायकांना ओळीनं बसवून तयार करत होती, त्या ओळीत ताईही बसल्या. पुढे अल्बम आला आणि त्यात ताईंना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गालफडं दिसली. "अगं, ही हाडं एवढी वर्षं होती कुठे?" असं त्यांनी डबा उघडता उघडता आम्हाला विचारलं. डब्यात साबुदाणा वडे होते. उत्तर समोरच होतं, पण द्यायची कुणाची छाती झाली नाही.

तेव्हापासून ताईंना माणसं दिसेनाशी झाली, नुसती हाडं दिसू लागली. ऑफिसात नवी मुलगी आली की तिचं नाव-गाव विचारायच्या आधी हनुवटीला दोन बोटं लावून तोंड खिडकीकडे वळवतात. "कपाळ रुंद आहे, पण काही हरकत नाही, कडेनं शेड देऊ." टीव्हीवर मंत्री बोलत असतात, आम्ही महागाई भत्त्याची घोषणा ऐकत असतो, ताई म्हणतात, "याच्या मेकअपवाल्यानं नाक घेतलंच नाही पहा." एकदा तर त्यांनी साहेबांनाच सांगितलं, "सर, तुम्हाला छान जॉ-लाइन आहे हो, फक्त दबून राहिली." साहेबांनी त्या आठवड्यात दोनदा दाढी केली आणि ताईंची रजा मंजूर केली.

शास्त्र म्हणाल तर ताईंना चोख ठाऊक आहे. कॉन्टूर म्हणजे त्यांच्या भाषेत "खऱ्या हाडाखाली खोटी सावली". रंग आपल्या कातडीपेक्षा एखाद-दोन छटा गडद हवा, चमक अजिबात नको, आणि त्यात तांबूसपणा कमी, राखाडी झाक जास्त. कारण सावली कधी तांबडी नसते. यातच पुष्कळ जणी फसतात आणि बर्डीवरून कॉन्टूर म्हणून ब्रॉन्झर उचलून आणतात. ब्रॉन्झर हा उन्हात रापल्याचा आभास देणारा पदार्थ आहे. नागपुरात राहून तो पैसे देऊन विकत घ्यायचा, हा विनोद ताईंनाही कळला आणि त्यांनी तो डबा पुण्यात शिकणाऱ्या लेकीकडे रवाना केला.

मग कृती. कपाळाच्या कडेनं निघायचं, गालाच्या हाडाखालून आत शिरायचं, पुन्हा बाहेर येऊन जबड्याच्या कडेनं उतरायचं. म्हणजे चेहऱ्याच्या कडेला ३ चा आकडा तयार होतो. इंग्रजी शाळेत शिकलेल्यांचं एवढ्यावर भागतं. ताई मराठी शाळेतल्या. त्यांच्या तिनाला शेपूट असतं. ते शेपूट गळ्यावर उतरतं. शिवाय दुसऱ्या बाजूला तीन उलटा काढायचा असल्यामुळे तिथे दररोज वेगळीच संख्या उमटते. गालाखालची रेघ डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या सरळ खाली थांबली पाहिजे. ती ओठांकडे सरकली की माणूस बारीक दिसत नाही, दुखण्यातून उठलेला दिसतो. सुरुवातीच्या दिवसांत ताईंची रेघ सरकायची. ऑफिसच्या शिपायानं आपणहून शहाळं आणून टेबलावर ठेवलं आणि हळूच विचारलं, "ताई, कावीळ झाली होती का?" ताईंनी शहाळं प्यायलं. रेघ मात्र दुसऱ्या दिवशी बोटभर मागे घेतली.

घरातला विरोध याहून जाणता होता. ताईंचे सासरे साकोलीकडचे. झाडीपट्टीच्या नाटकांवर वाढलेला माणूस. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागात दिवाळीनंतर धान घरात आलं की मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्या कंपन्यांचं मुख्य ठाणं. शहरातल्यांना हे जग बहुधा २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आठवलं. सासऱ्यांनी ते पडद्यामागे उभं राहून पाहिलेलं. त्यांनी सुनेच्या हातातली कॉन्टूरची कांडी पाहिली आणि विचारलं, "हे कायले?" ताईंनी समजावून सांगितलं. म्हातारा खूश झाला. "अवं, हे तं आमचा रंगवणारा करे! समोरून फोकस मारला का तोंड सपाट दिसते, मंग तो गालाले काळं लावे, नाकाले पांढरं. शेवटच्या माणसाले बी डोळा-नाक दिसलं पायजे ना." ताईंना वाटलं, आपल्याला घरातूनच गुरू मिळाला. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "पण सूनबाई, नाटक रातच्या दहाले सुरू होते. तू सकाळच्या नऊलेच तोंड रंगवून रायली."

कॉन्टूरवर याच्याइतकी नेमकी टीका मी अजून ऐकलेली नाही. ही विद्या मुळात रंगमंचाची आणि कॅमेऱ्याची. समोरून सपाट उजेड पडला की चेहऱ्यावरचे उंचसखल भाग पुसले जातात. ते पुन्हा दिसावेत म्हणून रंगानं सावल्या काढायच्या. पोलंडमध्ये जन्मलेला आणि पुढे अमेरिकेत गेलेला मॅक्स फॅक्टर मूळचा केसांचे टोप बनवणारा. त्यानं हॉलिवूडच्या नट्यांचे चेहरे याच हिशेबानं रंगवले. १९३२ च्या सुमारास तर त्यानं चेहरा मोजायचं यंत्रच काढलं होतं: डोक्याभोवती धातूच्या पट्ट्यांचा सांगाडा आणि सगळीकडून आत घुसणारे स्क्रू. नाक कुठे किती कमी पडतं ते त्यावरून कळे म्हणे. त्याचा फोटो मी ताईंना दाखवला, तो हसण्यासाठी. ताईंनी तो मोठा करून पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "हे आता मिळत नसेल ना गं?" पुढे २०१२ च्या सुमारास किम कार्डाशियननं अर्धवट रेघोट्या ओढलेल्या तोंडाचा फोटो जगाला दाखवला आणि जे गुपित रंगपटात होतं ते स्वयंपाकघरापर्यंत आलं. त्यात उजेडाची अट मात्र कुणी सोबत पाठवली नाही.

नागपूरच्या उजेडाला कुणाची मदत लागत नाही. इथे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. मे महिन्यात बारा वाजता रस्त्यावर उभं राहावं, सूर्य डोक्यावरून भुवयांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली अशा काळ्याभोर सावल्या पाडतो की मेकअपवाल्यानं हात जोडावेत. त्या खऱ्या सावल्यांच्या शेजारी कांडीची सावली डागासारखी दिसते, घोटलेली असली तरी दिसते. आणि ती तिथे टिकली तर ना. त्रिमूर्तीनगर ते बर्डी या वाटेत क्रीम वितळतं, घामाच्या ओघळाबरोबर खाली सरकतं आणि दुपट्टा ते टिपून घेतो. ताई ऑफिसात येऊन दुपट्टा सोडतात तेव्हा दुपट्ट्याला गालफडं असतात, ताईंना नसतात. उरल्यासुरल्या पावडरीवर कूलरची ओली हवा बसते. खसची ताटी नवी असेल तर वास सुंदर येतो, पण गालावर गोळ्या धरतात. सासूबाईंनी एकदा संध्याकाळी दार उघडून सुनेकडे पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "बाप्पा! मारबत तं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते ना?" हा शेरा नागपूरबाहेर समजणार नाही, आणि नागपुरात समजावून सांगावा लागणार नाही.

याउपर कुणीही कांडी फेकून दिली असती. ताईंनी वाहन बदललं. जानेवारी २०२० मध्ये लोकमान्यनगर ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली आणि शहराला वाटलं ती आपल्यासाठी सुरू झाली. ताईंनी सुभाषनगर स्टेशनातून पहिला प्रवास केला, एसीच्या गारव्यात काचेत स्वतःचं प्रतिबिंब निरखत, आणि बर्डीला दोन्ही गाल शाबूत घेऊन उतरल्या. त्या दिवशी त्यांनी ऑफिसला संत्रा बर्फी वाटली. आम्हाला वाटलं, लेकीला नोकरी लागली.

हे सुख मार्चपर्यंत टिकलं. मग मास्क आला, आणि त्यानं नेमका गालाखालचा खड्डा, नाक आणि जबडा झाकला. दुपट्ट्यातून सुटलेली बाई मास्कमध्ये सापडली. दुसरी कुणी खचली असती. पण थोड्याच दिवसांत ऑफिसच्या मीटिंगा व्हिडिओवर सुरू झाल्या, आणि तिथे कॉन्टूरताईंचा खरा सुवर्णकाळ आला. लॅपटॉपचा उजेड समोरून पडतो, सपाट पडतो. आम्हा सगळ्यांचे चेहरे पोळपाटासारखे दिसत होते. एकट्या ताईंना नाक होतं. मुंबईच्या मुख्य कार्यालयातल्या बाईंनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "नागपूरचा कॅमेरा कुठला आहे?" सासरे मागच्या खोलीतून ओरडले म्हणे, "पाय, आता बराबर हाय! आता नाटक हाय!"

त्या एका वाक्यानंतर ताईंच्या धर्मात सुधारणा झाली. आता त्या वार पाहून कॉन्टूर करत नाहीत, उजेड पाहून करतात. संध्याकाळचं रिसेप्शन आणि तिथला फोटोवाल्याचा फ्लॅश असेल तर पुरेपूर, नाक-जबड्यासकट. व्हिडिओ मीटिंग असेल तर फक्त गाल आणि जबड्याची कड; नाकाला हात नाही, कारण मान वळवली की नाकाची खोटी सावली जागच्या जागी राहते आणि नाक पुढे निघून जातं. ऑफिसचा साधा दिवस, पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, मेट्रोनं ये-जा: ब्रशवर उरलेल्या पावडरीचा एक हलका हात, तोही खिडकीशी बसून लावलेला. बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात लावलेली सावली रस्त्यावर आली की चिखल होते, हे तत्त्व त्यांनी आम्हा सगळ्यांना तोंडपाठ करायला लावलं आहे. मोपेड काढायची असेल त्या दिवशी सनस्क्रीन आणि दुपट्टा, बस. आणि नवतपा लागला की सगळं सामान फ्रिजमध्ये, आंब्याच्या पन्ह्याच्या बाटलीमागे.

डिसेंबर हा मात्र त्यांचा महिना. १९५३ च्या नागपूर कराराची कृपा म्हणून विधिमंडळाचं अधिवेशन इथे येतं, सिव्हिल लाइन्स गाड्यांनी भरते, चॅनेलवाले दिवे लावून उभे राहतात. हवा कोरडी, गार. घामाचं नाव नाही. ऊन तिरकं आणि मवाळ. मुंबईकर पाहुणे थंडीनं काकडतात तेव्हा ताईंचा ३ शेपटासकट दिवसभर जागेवर असतो. अधिवेशनातून विदर्भाला काय मिळालं यावर दरवर्षी लोक वाद घालतात. ताईंना आठ-दहा दिवस नीट उजेड मिळतो, त्यांची तक्रार नाही.

माझं मत विचाराल तर रोजच्या मेकअपमध्ये कॉन्टूर लागत नाही. गोल गाल हा दुरुस्त करायचा दोष नव्हे, आणि समोर कॅमेरा नसताना पाऊण तास हाडं शोधत बसण्यापेक्षा तेवढ्यात तर्री-पोहे खाऊन होतात. लग्नाला, फोटोला, रंगमंचाला करा, मनसोक्त करा. हे मत मी ताईंसमोर मांडलेलं नाही, मांडणारही नाही. त्या माझं तोंड खिडकीकडे वळवून म्हणतील, "तुला तर काय, गरजच आहे."

तेव्हा बर्डीच्या स्टेशनात एखादी प्रसन्न चेहऱ्याची बाई जवळ येऊन तुमच्या हनुवटीला दोन बोटं लावू लागली, तर पोलिसांना हाक मारू नका. फक्त सांगा, "ताई, मी आज मोपेडवर आले आहे." त्या लगेच सोडतील.